मोळी आणि आंघोळ

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने शिरपूरकडे निघाले की वाटेत सोनगीर लागते. टेकडीवर किल्ला, पायथ्याशी गाव, आणि गावाची ओळख म्हणजे तांब्या-पितळेची भांडी. घागर, हंडा, तांब्या, पळी-पंचपात्र, ताम्हण ही नावे जुन्या मराठी घरात स्वयंपाकाइतकीच देवघराशीही जोडलेली होती. भांड्यांच्या बाबतीत आपल्याकडे एक न लिहिलेला कायदा होता. धातूचे भांडे विटाळले तर ते राखेने घासायचे, विस्तवावर धरायचे, पाण्याने विसळायचे आणि पुन्हा वापरात घ्यायचे. मातीचे मडके विटाळले तर फोडून टाकायचे, कारण माती विटाळ पिते आणि तो घासून निघत नाही, अशी समजूत होती. या साध्या घरगुती भेदात विसाव्या शतकातला महाराष्ट्राचा एक मोठा धार्मिक वाद सामावलेला आहे. आपला धर्म धातूचे भांडे मानायचा की मातीचे मडके, असा तो वाद. आणि तो एका मुलाच्या मोठे होण्याच्या गोष्टीतून मांडणारे पुस्तक आपल्या जवळपास प्रत्येक घरात आहे. आपण ते रडण्यासाठी वाचतो, म्हणून त्यातला वाद नजरेतून निसटतो.

ते पुस्तक म्हणजे ‘श्यामची आई’. गोष्ट कोकणातली असली, तरी ती लिहिणारा माणूस खानदेशाने घडवलेला होता. पांडुरंग सदाशिव साने अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले, तिथल्याच शाळेत १९२४ पासून शिक्षक झाले, छात्रालयातल्या मुलांचे गुरुजी झाले आणि १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. ‘श्यामची आई’ मातृप्रेमाचे स्तोत्र आहे, ही तिची रूढ ओळख चुकीची नाही, पण अपुरी आहे. माझे म्हणणे असे की, ही वयात येण्याची कादंबरी आहे आणि तिचा खरा संघर्ष धर्माच्या आतला आहे. एका बाजूला सोवळे, दुसऱ्या बाजूला करुणा. दोन्ही गोष्टी मुलाला एकाच आईकडून मिळतात. आई हा संघर्ष सोडवत नाही. ती त्याला एका टोकापर्यंत आणून थांबते आणि पुढची वाट मुलाकडे सोपवते.

याचा पुरावा कथेतल्या पाण्यात सापडतो. पुस्तक पाण्याने भरलेले आहे: विहीर, नदी, आंघोळ, पाऊस, अश्रू. पुस्तकातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे. ‘थोर अश्रू’ या रात्री संध्याकाळची आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून लहानगा श्याम अडून बसतो, आणि आई आपले लुगडे खाली पसरून त्यावर त्याला पाय ठेवू देते. मग ती म्हणते की पायाला घाण लागू नये म्हणून इतका जपतोस, तसाच मनालाही जप. शाळेच्या पाठ्यपुस्तकांनी हा प्रसंग गुळगुळीत करून टाकला. पण आई इथे काय करते ते नीट पाहायला हवे. ती सोवळ्याची भाषा मोडत नाही. तीच भाषा उचलून आत वळवते. शुद्धी हवी, विटाळ टाळायला हवा, हे तिला मान्यच आहे. फक्त विटाळाची जागा तळव्यावरून मनात सरकते. ही चाल संतांचीच आहे आणि मराठी घरात ती नवी नाही. मात्र मुलाला मिळालेला धर्मशास्त्राचा धडा असा आईच्या लुगड्यावरून आला, हे ध्यानात ठेवले तर बाकीच्या रात्री वेगळ्या दिसू लागतात. ‘मुकी फुले’मध्ये देवासाठी आणलेल्या कळ्यांबद्दल ती म्हणते की त्यांना झाडावरच उमलू द्यावे. म्हणजे पूजेतल्या अधाशीपणालाही ती विटाळच समजते. ‘श्यामचे पोहणे’मध्ये भित्र्या मुलाला हातात शिपटी घेऊन विहिरीकडे पिटाळणारी तीच आई आहे. सोवळ्याचे पाणी अंगावरून वाहून जाते, विहिरीच्या पाण्यात मात्र जीव मुठीत धरून उतरावे लागते. एकाच पुस्तकातली ही दोन पाणी एकमेकांना छेद देतात.

सगळ्यात महत्त्वाची रात्र ‘देवाला सारी प्रिय’ ही. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी खाली पडली आहे. ती एकटीला उचलत नाही आणि जवळचे कोणी शिवणार नाही. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे. आणि लागलीच पुढचेही सांगते, मग आंघोळ कर. हे दोन आदेश शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पहिला माणुसकीचा, दुसरा रूढीचा, आणि सांगणारा आवाज एकच. पहिल्या आदेशासाठी गावाला तोंड द्यायची तिची तयारी आहे, दुसऱ्यासाठी नाही. मोळी उचलली जाते, पण शिवलेले अंग धुवावेच लागते. कादंबरीकाराला आईला आदर्शच करायचे असते, तर ही आंघोळ गाळणे अगदी सोपे होते. कोणाच्या लक्षातही आले नसते. साने गुरुजींनी ती ठेवली. आईवर इतके प्रेम असलेल्या लेखकाने आईचा अपुरेपणा लिहून ठेवला, आणि माझ्या मते हीच पुस्तकातली सर्वांत धाडसी गोष्ट आहे. वयात येणे म्हणजे जिने आपल्याला चांगुलपणा शिकवला तिच्या चांगुलपणाची सीमा दिसू लागणे. श्यामला ती सीमा मोळीपाशी दिसते.

सीमा दिसण्याचे दुसरे ठिकाण कर्जाच्या प्रकरणांत आहे. ‘वित्तहीनाची हेटाळणी’ आणि ‘अब्रूचे धिंडवडे’ या रात्री घर साहुकाराच्या तावडीत सापडते. उच्च जातीचे, मानाचे घर. पण पैसा गेल्यावर लोकांच्या नजरेत तेच घर अस्पृश्य होते. वसुलीला आलेला माणूस घरच्या बाईला वाटेल ते बोलतो आणि मदतीला कोणी येत नाही. इथे साने गुरुजी उपदेश करत नाहीत. तरीही आधीची मोळी लक्षात असलेल्या वाचकाला सांगावे लागत नाही की बाजूला टाकले जाण्याचे दुःख आता त्याच उंबऱ्याच्या आत आले आहे. मोळीकडे न बघता पुढे गेलेले गाव आता या घराकडेही न बघता पुढे जाते.

पुस्तक कधी आणि कुठे लिहिले गेले, याने हा अर्थ आणखी घट्ट होतो. १९३२ साली साने गुरुजी धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथेच विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातूनच झाले. धर्माचा अर्थ आतून पुन्हा लावण्याची ती शाळाच होती. पुढे नाशिकच्या तुरुंगात, ९ फेब्रुवारी १९३३ च्या गुरुवारी त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतले आणि १३ तारखेच्या सोमवारी संपवले. अवघे पाच दिवस. आता तुरुंगाबाहेरचे नाशिक पाहू. काळाराम मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांनी २ मार्च १९३० रोजी सुरू केलेला सत्याग्रह अजून संपला नव्हता आणि दरवाजे अजून बंदच होते. पाचच महिन्यांपूर्वी पुणे करार झाला होता. लेखनाच्या त्या पाच दिवसांतच, ११ फेब्रुवारीला, पुण्याहून गांधीजींच्या ‘हरिजन’चा पहिला अंक निघाला. अशा आठवड्यात, अशा गावात बसून लेखक एका म्हाताऱ्या महार बाईच्या मोळीबद्दल लिहितो, तेव्हा ती फक्त बालपणाची आठवण आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

यावर पहिला आक्षेप जोरकस आहे आणि तो टाळून चालणार नाही. त्या म्हातारीला नाव नाही, तिला बोलणेही फारसे नाही. मोळी तिची, पण परीक्षा श्यामची. सवर्ण मुलाच्या आत्मशुद्धीसाठी तिचा वापर झाला, असे कोणी म्हणाले तर मला ते खोडता येत नाही. ‘हरिजन’च्या त्याच पहिल्या अंकात डॉ. आंबेडकरांनी शुभेच्छा देण्याऐवजी आपले मत कळवले होते. त्याचा आशय असा की अस्पृश्यता हे जातिव्यवस्थेचे अपत्य आहे आणि जाती राहिल्या तर तीही राहणार. भांड्यांच्या भाषेत सांगायचे तर, मडके घासून उपयोग नाही. ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. साने गुरुजी शेवटपर्यंत घासणाऱ्यांच्या बाजूला राहिले. त्या बाजूची मर्यादा पुढे दलित आत्मकथनांनी दाखवून दिली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, मग शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’. ही पुस्तके मोळीखाली उभे असलेल्यांची आहेत, आणि तिथून पाहिले की आंघोळ म्हणजे अपमान असतो. पण हा आक्षेप मान्य करूनही माझे म्हणणे मोडत नाही. मुळात पुस्तकानेच तो आपल्या पोटात ठेवला आहे. आंघोळीचे वाक्य न गाळता लेखकाने वाचकाच्या हाती आईविरुद्धचा पुरावा दिला आहे. दोष झाकणारा लेखक असे करत नाही.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन लोकांचा आहे. साने गुरुजी हे सरळसोट, भाबडे, उपदेशक लेखक. त्यांच्यात कसली प्रतीके शोधता? या आक्षेपामागे एक गैरसमज आहे. प्रतीक म्हणजे आधुनिक कवीने मुद्दाम लपवून ठेवलेली वस्तू, असे धरले तर साने गुरुजींकडे खरोखर काही सापडणार नाही. पण मराठीला प्रतीकाची दुसरी, जुनी परंपरा आहे: कीर्तनातला दृष्टांत, महानुभावांचा ‘दृष्टांतपाठ’. तिथे घरातली, शेतातली, रस्त्यावरची वस्तू उघडपणे समोर ठेवतात आणि तिच्यावरून अर्थ सांगतात. ‘श्यामची आई’ची मांडणीही तशीच आहे. मोठा झालेला श्याम आश्रमात रोज रात्री प्रार्थनेनंतर सोबत्यांना गोष्ट सांगतो, आणि लुगडे, कळी, पत्रावळ, मोळी हे त्याचे दृष्टांत असतात. फरक एवढाच की कीर्तनकार दृष्टांताचा अर्थ पुरता सांगून मोकळा होतो. इथे मोळीचा अर्थ आईने सांगूनही आंघोळीच्या वाक्यामुळे थोडा उरतो. तो उरलेला भाग म्हणजेच साहित्य. याउलट १९५३ साली आचार्य अत्र्यांनी काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि लोकांच्या मनात ‘श्यामची आई’ म्हणजे डोळ्यांना पदर लावण्याचा कार्यक्रम, हे कायमचे ठरून गेले. अत्र्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पडद्यावर अश्रू लवकर पोचतात.

खानदेशातल्याच दुसऱ्या कादंबरीशी तुलना केली तर श्यामचे वेगळेपण उठून दिसते. सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली आली, ‘श्यामची आई’ लिहून झाल्यावर बरोबर तीस वर्षांनी. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर. साने गुरुजींचेही नाव पांडुरंगच होते, हा योगायोग मला उगाच आवडतो. या पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. रोगाचे नावच देवी, म्हणजे मारणारीही तीच आणि जिला नवस बोलायचे तीही तीच. मग पोराने हात जोडायचे कोणापुढे? पुढे तो अजिंठ्याला बुद्धासमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्याजवळ प्रार्थना नसते, मनीची आठवण असते. श्यामची आई त्याला धर्माच्या आत राहून भांडायला शिकवते. पांडुरंगाला असे कोणी मिळत नाही. त्याचा कोश आतून बंद आहे. दोन्ही मुले आपापल्या घराच्या धर्मातून मोठी होतात, पण एकाला पुढे जाण्याची दिशा मिळते आणि दुसऱ्याला दिशांचाच कंटाळा येतो. ‘कोसला’ कादंबरी म्हणून अधिक बलवान आहे, यात मला शंका नाही. मात्र आईच्या अपुऱ्या राहिलेल्या आदेशाचे पुढे काय झाले, हे विचारायचे असेल तर श्यामकडेच यावे लागते.

पुढे काय झाले ते पुस्तकाबाहेर घडले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकमत तयार केले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. १० मे रोजी ते सुटले आणि मंदिर खुले झाले. आईने सांगितलेल्या दोन आदेशांतला दुसरा मुलाने इथे पुसला. शिवल्यावर आंघोळ, हा नियम देवाच्या दारातच मोडला. ज्यांना तो मोडणे सहन झाले नाही, त्यांच्यापैकी काही सनातन्यांनी मंदिर उघडण्याआधी मंत्रांनी मूर्तीतले देवत्व काढून ते पाण्याच्या घागरीत ठेवले, असे सांगितले जाते. त्यांच्या हिशेबी मूर्ती आता मातीचे मडके झाली होती आणि देव धातूच्या भांड्यात सुरक्षित होता. वारकरी मात्र मूर्तीकडेच गेले आणि आजही तिकडेच जातात. या दिवाळीत कपाटातून ‘श्यामची आई’ काढाल तर ‘देवाला सारी प्रिय’ ही रात्र आधी वाचा, आणि मोळी डोक्यावर गेल्यावर लगेच पान उलटू नका. त्यापुढची आंघोळही वाचा.