आलेलुयाविना चाळीस दिवस

ग्रेगोरियन गान हे रोमन कॅथलिक उपासनेचे जुने लॅटिन गायन. ते एकसुरी असते, म्हणजे सगळे गायक एकच चाल गातात. खाली स्वरसंगती नसते, ताल नसतो आणि मूळ रीतीप्रमाणे वाद्याची साथही नसते. शब्दांचा आघात आणि गाणाऱ्याचा श्वास यांवर त्याची लय चालते. पोप पहिले ग्रेगरी (५९०–६०४) यांचे नाव त्याला चिकटले असले तरी या चाली त्यांनी रचलेल्या नाहीत. आठव्या-नवव्या शतकांत पेपिन आणि शार्लमेन यांच्या राज्यात रोमची गायनरीत आणि फ्रँक लोकांची रीत एकमेकींत मिसळली, त्यातून आजचे रूप आले. चाली आठ स्वरकुलांत वाटलेल्या आहेत. चाल कोणत्या स्वरावर विसावते आणि पठण कोणत्या स्वरावर चालते, यावरून कूळ ठरते. आपल्याकडच्या न्यासस्वराची येथे आठवण होईल, पण याला राग म्हणणे चुकीचे ठरेल.

राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो आणि गायनातून पहिल्यांदा काही गोष्टी वजा होतात. शुभवर्तमानाच्या वाचनाआधीचा आलेलुया बंद होतो. रविवारच्या मिस्सातले गौरवगीत गळते. ऑर्गन वाजलाच तर गायकांना आधार देण्यापुरता. अपवाद चौथ्या, म्हणजे लेतारे रविवारचा. आलेलुयाच्या जागी ‘ट्रॅक्ट’ येतो. यात स्तोत्राच्या ओळी सलग, मध्ये ध्रुवपद न घेता गायल्या जातात. सर्व ट्रॅक्ट दुसऱ्या किंवा आठव्या स्वरकुलातले आहेत. भाव साधा असला तरी गायकाला ते सोपे जात नाहीत, कारण एकेका अक्षरावर स्वरांच्या लांब माळा असतात.

या रचनेमागचा विचार पहिल्या रविवारी सर्वांत स्वच्छ दिसतो. त्या दिवशीची प्रवेशगीतापासून कम्युनियनपर्यंतची सगळी खास गीते एकाच स्तोत्रातून घेतली आहेत. ते लॅटिन गणनेचे ९० वे, आजच्या बहुतेक बायबलांत ९१ वे. ट्रॅक्टमध्ये तर ते जवळजवळ पूर्ण गायले जाते. नेमके हेच स्तोत्र का? त्या दिवशीच्या शुभवर्तमानात अरण्यात येशूला मोहात पाडताना सैतान त्याच स्तोत्रातील वचन पुढे करतो. सैतानाने अर्धवट वापरलेले वचन मंडळी त्या दिवशी सबंध स्तोत्रासह गाते. नवव्या-दहाव्या शतकांच्या हस्तलिखितांतही ही जुळणी दिसते. ती कोणी बसवली त्याचे नाव नाही, पण त्याच्या शास्त्रवाचनाची पकड दाद देण्याजोगी आहे.

आठवड्याच्या वारांतही असाच एक क्रम दडलेला आहे. कम्युनियनच्या वेळची गीते राखेच्या बुधवारी पहिल्या स्तोत्रातून, शुक्रवारी दुसऱ्यातून, अशी ओळीने सव्विसाव्या स्तोत्रापर्यंत जातात. काही जागी मात्र शुभवर्तमानातली वचने मध्ये घुसली आहेत. गुरुवार या साखळीत बसतच नाही. रोममध्ये त्या वारी पूर्वी मिस्सा होत नसे. आठव्या शतकात दुसरे ग्रेगरी पोप असताना तो सुरू झाला आणि गीते इतर दिवसांतून उचलून दिली गेली. म्हणजे जुना क्रम आधीच ठरलेला होता. गायनाच्या पोथीतून इतिहासाची तारीख काढता येते ती अशी.

पवित्र आठवड्यात गायन नाट्याच्या जवळ जाते. झावळ्यांच्या रविवारच्या मिरवणुकीचे गीत ऑर्लेआंच्या थिओडुल्फ यांचे, नवव्या शतकातले. येशूच्या दुःखसहनाची कथा तिघे वाटून गातात: निवेदक मधल्या स्वरात, येशूचे शब्द खर्जात, इतरांचे बोल वरच्या पट्टीत. आज्ञागुरुवारी गौरवगीताबरोबर घंटा वाजतात आणि मग शनिवारच्या रात्रीपर्यंत मुक्या राहतात. त्यांच्या जागी लाकडी खटखट्याचा कोरडा आवाज येतो; गोव्यात त्याला मात्राका म्हणतात. गुड फ्रायडेला क्रुसाच्या वंदनेवेळी ग्रीक आणि लॅटिन दोन्ही भाषा गायल्या जातात.

शनिवारच्या रात्री अंधाऱ्या चर्चमध्ये पास्काची मेणबत्ती आणली जाते. प्रकाशाची घोषणा तीनदा होते, दर वेळी पट्टी थोडी चढवून. त्याच रात्री आलेलुया परत येतो, तोही तीनदा आणि असाच चढत. यानंतर ईस्टर सकाळी मोठा जल्लोष अपेक्षित असेल तर रविवारचे प्रवेशगीत चकवते. चौथ्या स्वरकुलातील ही चाल खालच्या थोड्याच स्वरांत संथपणे फिरते. विजयाचे वर्णन नसून उठलेला पुत्र पित्याशी बोलत आहे, अशी ती प्रार्थना आहे. त्या सकाळचा खुला आनंद अनुक्रमगीतात येतो. हे अकराव्या शतकातील विपो यांच्या नावावर सांगितले जाते. १५७० च्या रोमन मिस्सा-ग्रंथात मध्ययुगातल्या असंख्य अनुक्रमगीतांतून फार थोडी उरली, त्यांत हे टिकले.

भारतात हे गान पोर्तुगिजांबरोबर आले. गोव्याच्या गावोगावच्या चर्चशाळांत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिन शिकवीत. मिस्सा लॅटिनमध्ये गाता येणे हा त्या शिक्षणाचा हेतू होता. पण उपवासकाळात गोव्याच्या मनाला अधिक भिडले ते मोतेत. शब्द लॅटिन, पण रचना अनेक आवाजांची, वाद्यांच्या साथीने. ते ग्रेगोरियन नव्हे, आणि दोघांची गल्लत करू नये.

मराठी ख्रिस्ती लोकांनी तिसराच मार्ग घेतला. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. ते ओवीबद्ध होते आणि चर्चमध्ये गायले जाई. वसई भागात सतराव्या शतकात फ्रान्सिस्को वाझ दे गिमराइस यांनी ख्रिस्ताच्या दुःखसहनावर मराठी पुराण रचले. वेदीजवळ लॅटिन आणि लोकांच्या तोंडी ओवी, अशी ही वाटणी होती. लॅटिन गान टिकले नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी ही दुसरी बाजू विसरता कामा नये.

भोपाळची गोष्ट वेगळी. तिथला कॅथलिक समाज नवाबी दरबारातील बोरबाँ घराण्याभोवती वाढला. फ्रान्सच्या राजवंशाशी या घराण्याचे नाते सांगितले जाते. त्याला पक्का पुरावा नाही. त्यांच्या काळात रोमन रीतीचा मिस्सा इतरत्र होता तसा इथेही लॅटिनमध्येच होता. भोपाळचा महाधर्मप्रांत स्थापन झाला सप्टेंबर १९६३ मध्ये, आणि पहिले आर्चबिशप यूजीन डिसूझा नागपूरहून आले. त्याच वर्षी ४ डिसेंबरला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनाविषयक दस्तऐवज जाहीर झाला. त्याने लोकभाषांना दार उघडले आणि त्याच दस्तऐवजाच्या ११६ व्या कलमात ग्रेगोरियन गानाला, इतर बाबी समान असताना, अग्रस्थान दिले. डिसूझा स्वतः त्या परिषदेत बोलणाऱ्यांपैकी होते. अशा रीतीने भोपाळचा महाधर्मप्रांत जन्मला तोच लॅटिन मागे पडण्याच्या उंबरठ्यावर. पुढे तिथली उपासना प्रामुख्याने हिंदीत गेली. हिंदी पट्ट्यातल्या चर्चमधून पेटी-ढोलकीवरची भजने रूढ झाली.

परिषदेनंतर जुने सूर अगदीच हरवू नयेत म्हणून पोप सहावे पॉल यांनी १९७४ च्या ईस्टरला सोप्या लॅटिन चालींची एक पुस्तिका जगभरच्या बिशपांना पाठवली. सामान्य मंडळीला सहज गाता येईल असा मजकूर तिच्यात निवडला होता: दयायाचना, पवित्र-गीत, प्रभूची प्रार्थना, ईस्टरकाळातले मरियेचे गीत. उपवासकाळाचे लांब ट्रॅक्ट तिच्यात नाहीत; ते गायला तालमीत मुरलेले गायकवृंद लागतात, आणि असे वृंद आज मुख्यत्वे मठांतूनच सापडतात.