ओलावा हवा, पण मोजून

दम्याच्या किंवा सीओपीडीच्या रुग्णांचे नातेवाईक आम्हाला नेहमी विचारतात, "डॉक्टर, हवा फार कोरडी झालीय, रात्रभर खोकला असतो. ह्युमिडिफायर आणू का?"

आमचं उत्तर एकच: आधी मोजा. घसा सुकला म्हणजे हवाच कोरडी, असं नाही. तोंडानं श्वास घेतल्यानं आणि काही औषधांनीही घशाला कोरड पडते. म्हणून खोलीत एक हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक ठेवा. आकडा 30 ते 50 टक्क्यांमध्ये असेल तर काहीच करू नका. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तर ओलावा कमी करायची वेळ येते. आकडा 60 च्या वर राहिला की भिंतींवर बुरशी धरते, गाद्यांमध्ये धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात, आणि दमा उसळतो.

विदर्भातला एप्रिल-मे वेगळा. तिथं हवा खरंच कोरडी असते आणि घरोघरी कूलर लागतो. मग धोका कशात आहे? साचलेल्या पाण्यात. टाकीत आणि ओल्या ताट्यांवर जंतू, बुरशी वाढतात आणि पंखा त्यांचे कण थेट श्वासात सोडतो. काहींच्या फुफ्फुसांना त्याची ॲलर्जिक सूज येते. संपर्क चालूच राहिला तर फुफ्फुसांवर कायमचे व्रण पडतात. भारतातल्या 27 केंद्रांमधल्या 1084 रुग्णांची पाहणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. फुफ्फुसांच्या पडद्यांचा आजार असलेल्या या रुग्णांपैकी सुमारे 47 टक्क्यांना हाच ॲलर्जिक प्रकार होता. त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा कूलरशी संबंध आलेला होता.

"मग पाण्यात थोडं जंतुनाशक टाकलं तर?" मुळीच नाही! दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात टाकायची जंतुनाशकं सर्रास विकली जात. बाळंतिणी आणि लहान मुलं फुफ्फुसं निकामी होऊन दगावू लागली, तेव्हा 2011 मध्ये कारण उघड झालं. कातडीला न बाधणारी वस्तू श्वासातून गेल्यावर घातक ठरू शकते. म्हणून फिनेल, कापूर, निलगिरीचं तेल, काहीही टाकायचं नाही.

मग करायचं काय? ह्युमिडिफायरचं पाणी रोज ओतून द्या, टाकी पुसून कोरडी करा, मगच ताजं भरा. दर दोन-तीन दिवसांनी घासून, खळखळून धुवा. धुकं सोडणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात डिस्टिल्ड वॉटरच घाला. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, पण क्षार राहतात आणि तेच पांढरी भुकटी होऊन हवेत उडतात. कूलरची टाकी वारंवार रिकामी करून घासा, ताट्या दर हंगामात बदला, खिडकी उघडी ठेवा. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर त्याच्या बाटलीतलं डिस्टिल्ड पाणीही रोज बदला. आणि उकळत्या पाण्याचं पातेलं रुग्णाच्या खाटेजवळ नको, भाजण्याचं भय असतं.

शेवटची खूण लक्षात ठेवा. कूलर लावल्यावर काही तासांनी ताप, खोकला, धाप लागते आणि गावाला गेलं की बरं वाटतं, असं होत असेल तर कूलर बंद करा आणि डॉक्टरांना ही गोष्ट आपणहून सांगा. आम्ही विचारायचं विसरलो, तरीही सांगा.