५०० किलोचं घर, छोटीशी मोटार

दोस्तांनो, आज घरातल्या मोठ्यांना एक प्रश्न विचाराच. सपाट डांबरी रस्त्यावर ५०० किलो वजनाचं चाकांचं घर उभं आहे. ते हळूहळू पुढे चालत राहावं म्हणून त्याला किती जोरानं ओढावं लागेल? कुणी म्हणेल १०० किलोच्या जोरानं, कुणी २०० म्हणेल. खरं उत्तर आहे, जेमतेम पाच ते सात किलो! पाच-सात किलोची पिशवी उचलायला जेवढा जोर लागतो, तेवढ्याच जोरानं ओढलं तरी ते घर चालत राहतं.

खोटं वाटतं ना? पण जर्मनी, नेदरलँड्स, इंग्लंड या देशांत उन्हाळ्याची सुट्टी लागली, की रस्त्यारस्त्यावर हे दिसतं. पुढे एक छोटीशी मोटार, आपल्याकडे चौघांचं कुटुंब घेऊन फिरते तेवढीच. तिच्यामागे हुकाला अडकवलेलं दोन चाकांचं घर. त्यात झोपायला गाद्या, चहा करायला शेगडी, हात धुवायला बेसिन. याला म्हणतात कॅराव्हॅन. तळ्याकाठी, डोंगराच्या पायथ्याशी थांबायचं, हूक सोडायचा, की झालं घर तयार! आणि तळावर जागा अगदी सपाट असेल तर दोन माणसं ही छोटी कॅराव्हॅन हातानं ढकलून नीट लावतात.

हे घर सुचलं कुणाला?

जर्मनीच्या दक्षिणेला आल्प्स पर्वताच्या जवळ इस्नी नावाचं एक गाव आहे. तिथे आरिस्ट डेथलेफ्स नावाचे एक गृहस्थ राहत. त्यांच्या घरचा कारखाना होता चाबकांचा आणि बर्फावर घसरायच्या खेळात लागणाऱ्या काठ्यांचा. माल विकायला त्यांना सारखं गावोगाव फिरावं लागे. त्यांची जोडीदार फ्रिडेल एडेलमान चित्रकार होती. तिला वाटे, आपणही सोबत जावं, वाटेत निसर्गाची चित्रं काढावीत. मग आरिस्टनी १९३१ साली मोटारीमागे ओढायचं एक घरच बांधून टाकलं. जर्मनीतली ती पहिली कॅराव्हॅन. चाबकांचा कारखाना पुढे कॅराव्हॅनचा कारखाना झाला!

त्यानंतर १९५७ साली एर्विन हायमर आणि एरिख बाखेम या दोघांनी मिळून आणखी एक छोटी कॅराव्हॅन तयार केली. बाखेम हे विमानं बनवणारे इंजिनिअर. विमानात प्रत्येक किलो मोजून-मापून वापरावा लागतो, आणि तोच हिशेब त्यांच्या कॅराव्हॅनमध्ये दिसतो. आत पोलादी नळ्यांचा हलका सांगाडा, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. छप्पर तर आणखी गमतीचं. प्रवासात खाली दाबलेलं, मुक्कामाला पोचलं की वर उचललेलं! छप्पर असं का केलं असेल, तुम्ही विचार करा. उत्तर पुढे येतंच आहे.

ओढणं सोपं, पण कधी?

आधी त्या पाच-सात किलोंचं बघू. चाक रस्त्यावर गोल फिरतं, घासत जात नाही. टायर रस्त्याला टेकतो तिथे थोडासा चपटा होतो, पुढे सरकला की पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यात जी थोडी ऊर्जा वाया जाते, तेवढीच आपल्याला भरून द्यावी लागते. चांगल्या रस्त्यावर हा विरोध वजनाच्या साधारण शंभराव्या भागाएवढा असतो. म्हणून ५०० किलोला पाच-सात किलो पुरतात.

पण समोर चढ आला की चित्र पालटतं. रस्ता १०० मीटर पुढे जाताना १२ मीटर वर चढत असेल, तर त्याला १२ टक्के चढ म्हणतात. अशा चढावर ५०० किलोचं घर मागे खेचतं ६० किलोच्या जोरानं! आता इंजिनाची खरी परीक्षा. म्हणूनच युरोपात एक नियम आहे. कोणत्या मोटारीनं किती वजन ओढावं हे ठरवताना मोटारीला ट्रेलर, म्हणजे मागे ओढायची गाडी, जोडून १२ टक्के चढावर उभं करतात. तिथून तिला थांबून पुन्हा निघता आलं पाहिजे, तेही पाच मिनिटांत पाच वेळा. जी मोटार जेवढ्या वजनासकट ही परीक्षा पास होईल, त्याहून जास्त वजन तिच्या कागदावर लिहिता येत नाही.

दुसरा विरोधक म्हणजे वारा. मोटार बुटकी असते आणि कॅराव्हॅन उंच. मोटारीच्या डोक्यावरून गेलेला वारा थेट कॅराव्हॅनच्या कपाळावर आदळतो. आता कळलं छप्पर खाली का दाबायचं? कपाळ जेवढं लहान, तेवढा वाऱ्याचा मार कमी. शिवाय वेग थोडा वाढला तरी वाऱ्याचा विरोध खूप वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेलात, तर वेग वाढतो सव्वापट, पण विरोध होतो दीडपटीहून जास्त. कारण सव्वाला सव्वानं गुणलं की १.५६ येतात. करून बघा गुणाकार.

गाडी उलाळली तर?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही ज्याला कळली त्याला अर्धी कॅराव्हॅन कळली.

तुमच्यापैकी कुणी गावाकडे बैलगाडी भरताना बघितली आहे? दोनच चाकं, मध्ये आस, पुढे बैलांच्या मानेवर जू. पोती फार मागे ठेवली, तर गाडी मागच्या बाजूला उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याखालचा पट्टा गळ्याला काचतो. फार पुढे ठेवली, तर सगळा भार बैलांच्या मानेवर. जाणता गाडीवान पोती अशी रचतो, की जू मानेवर बसेल पण मान दबणार नाही. कॅराव्हॅनचंही तसंच. तिची दोन चाकं म्हणजे आस, आणि जुवाच्या जागी आहे मोटारीच्या मागचा लोखंडी गोळा. युरोपात हा गोळा ५० मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि कॅराव्हॅनची दांडी त्यावर टोपीसारखी बसते.

दांडीनं या गोळ्यावर किती भार टाकायचा, याचा आकडा ठरलेला असतो. छोट्या मोटारींना तो साधारण ५० ते ७५ किलोपर्यंत चालतो. मोजायचं कसं? सोपं आहे. न्हाणीघरात ठेवतात तो वजनकाटा घ्यायचा, त्यावर लाकडाचा उभा तुकडा ठेवायचा आणि त्यावर दांडीचं टोक टेकवायचं. काटा सांगेल तो भार.

भार फार जास्त झाला, तर मोटारीचं मागचं अंग खाली बसतं आणि पुढचं वर उचललं जातं. बहुतेक छोट्या मोटारींची पुढचीच चाकं इंजिन फिरवतं आणि वळतातही तीच. त्यांचीच रस्त्यावरची पकड सुटली तर कसं चालेल?

आणि भार फार कमी झाला, म्हणजे सामान मागे गेलं, तर? तर कॅराव्हॅन डुलायला लागते.

हे डुलणं दाखवायचा एक छान प्रयोग आहे. व्यायामशाळेत असतो तसा पळता पट्टा घेतात. त्यावर खेळण्यातली मोटार आणि मागे छोटा ट्रेलर धावता ठेवतात. ट्रेलरमध्ये वजनं पुढच्या बाजूला ठेवतात आणि बोटानं त्याला हलकीशी टिचकी मारतात. ट्रेलर डावीकडे जातो, उजवीकडे जातो आणि लगेच सरळ होतो. मग तीच वजनं मागच्या टोकाला नेतात. मोटार तीच, पट्टा तोच, वेग तोच. पुन्हा टिचकी. या वेळी ट्रेलर एकदा डुलतो, दुसऱ्यांदा जास्त डुलतो, तिसऱ्यांदा त्याहून जास्त, आणि मोटारीला घेऊन गरकन फिरतो!

असं का होतं? ट्रेलर तिरका झाला, की त्याचे टायर आडवे घासतात आणि त्याला पुन्हा सरळ रेषेत ढकलतात. पण मागच्या टोकाला जड सामान असेल, तर ते एकदा हललं की लवकर थांबत नाही. सरळ रेषा ओलांडून ते पलीकडे जातं आणि दांडीचं पुढचं टोक उलट दिशेला फेकतं. त्या टोकाला बांधलेली असते मोटारीची शेपटी! मोटार जड असेल तर ती हा धक्का सोसते. हलकी असेल तर तीही हलते, आणि डुलण्यात भर पडते. वेग जितका जास्त, तितकं हे डुलणं विरायला वेळ लागतो. एका ठरावीक वेगाच्या पुढे ते विरतच नाही, वाढत जातं. म्हणून जर्मनीत मोटारीमागे ट्रेलर असेल तर वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर. ठरलेल्या चाचण्या पार केलेल्या जोडीलाच मोठ्या महामार्गावर १०० पर्यंत जाता येतं.

डुलायला लागलीच, तर चालवणारा काय करतो? स्टिअरिंग घट्ट आणि सरळ धरतो, ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि वेग उतरू देतो. वेग वाढवला की कॅराव्हॅन सरळ होईल, असं काहींना वाटतं. आता तुम्हीच सांगा ते का चूक आहे.

करून पाहा

एक सहा कडांची पेन्सिल टेबलावर ठेवा. तिच्यावर ३० सेंटिमीटरची पट्टी आडवी ठेवा, पेन्सिल बरोबर १५ च्या खुणेखाली. पेन्सिल म्हणजे चाकांची आस. शून्याच्या टोकाखाली आपलं बोट धरा. बोट म्हणजे मोटारीचा गोळा. आता एक जाडसर खोडरबर पेन्सिलीच्या अगदी वर ठेवा. बोटाला काही जाणवत नाही. खोडरबर दोन सेंटिमीटर बोटाकडे सरकवा. टोक बोटावर टेकलं! पाच सेंटिमीटर सरकवा, दाब वाढला. आता तेच खोडरबर पेन्सिलीच्या पलीकडे न्या. टोक बोटावरून उचललं गेलं. हीच ती उलाळलेली गाडी.

यातून एक सूत्र मिळतं. समजा कॅराव्हॅन ५०० किलोची आहे आणि गोळ्यापासून आसेपर्यंतचं अंतर २५० सेंटिमीटर. गोळ्यावर ५० किलो भार हवा. ५० हा ५०० चा दहावा भाग. म्हणून सगळ्या सामानासकट कॅराव्हॅनचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे तोललं जातं तो बिंदू, आसेच्या पुढे हवा, २५० च्या दहाव्या भागाएवढा. म्हणजे फक्त २५ सेंटिमीटर! एवढ्याशा अंतरावर सगळी सुरक्षितता अवलंबून. म्हणूनच जाणकार मंडळी जड वस्तू, म्हणजे डबाबंद खाणं, तंबू, अवजारं, आसेच्या जवळ आणि खाली जमिनीवर ठेवतात. कपडे, उश्या वरच्या कपाटात. मागच्या टोकाला जड काहीच नाही.

थांबायचं कसं?

युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात. त्याहून जड असेल तर हवेतच. पण कॅराव्हॅनमध्ये तर कुणी बसलेलं नसतं. मग ब्रेक दाबायचा कुणी?

ती स्वतःच दाबते! मोटारीनं ब्रेक लावला की मोटार मंदावते, पण कॅराव्हॅन आपल्या वेगानं पुढे यायला बघते आणि मोटारीला मागून ढकलते. दांडीत एक सरकता दांडा असतो. ढकलताना तो आत दाबला जातो, आत गेला की सळ्या ओढतो आणि चाकांचे ब्रेक लागतात. जेवढी जोरात ढकलेल, तेवढा जोरात ब्रेक. ना वीज, ना तेल.

थांबा, एक अडचण आली का लक्षात? मोटार मागे घेतानाही दांडा आत दाबला जाणारच. मग मागे जायचंच कसं? पूर्वी खाली उतरून एक खटका लावावा लागे. आता चाकाच्या आतच अशी रचना असते, की चाक उलटं फिरू लागलं की ब्रेकची पकड आपोआप सैल पडते.

शेवटचा आधार म्हणजे एक बारीक तार. तिचं एक टोक मोटारीला, दुसरं कॅराव्हॅनच्या हातब्रेकला. चुकून हूक सुटला, तर तार ताणली जाते, हातब्रेक ओढते आणि मगच तुटते. मोकाट सुटलेलं घर ब्रेक लागून थांबतं.

म्हणजे बघा, ५०० किलो ओढायला इंजिन लागतं, पण ते सांभाळायला लागते ती डोक्यानं केलेली मांडणी. निघायच्या आधी पाच मिनिटं सामान नीट रचण्यात गेली, तर छोटी मोटारसुद्धा आख्खं घर घेऊन सुखरूप पोचते.

आता एक गणित तुमच्यासाठी. कॅराव्हॅन ६०० किलोची, गोळ्यापासून आस ३०० सेंटिमीटरवर, आणि मोटारीच्या गोळ्याला चालतो फक्त ४० किलो भार. गुरुत्वमध्य आसेच्या किती पुढे हवा? उत्तर काढलंत की पट्टी घेऊन जमिनीवर तेवढं अंतर आखा, आणि ज्यांना सुरुवातीला प्रश्न विचारलात त्यांना सांगा, की सुट्टीतला सगळा प्रवास एवढ्याशा रेघेवर तोललेला असतो.