आवाळू : पिळून न जाणारी गाठ

मानेवर, पाठीवर, गालावर किंवा कानामागे त्वचेखाली हरभऱ्याएवढी एक गाठ येते. ती दुखत नाही, वाढतेही फार सावकाश. म्हणून वर्षानुवर्षे तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. मग एखादे दिवशी ती लाल होते, ठणकू लागते, फुटते आणि तिच्यातून दुर्गंधीयुक्त पांढरट पदार्थ बाहेर येतो. गाठ बसली म्हणून घरची मंडळी निश्चिंत होतात आणि काही महिन्यांनी त्याच जागी ती पुन्हा उभी राहते. हिलाच आपण आवाळू म्हणतो. वैद्यकशास्त्रातील तिचे नाव ‘एपिडर्मॉइड सिस्ट’. ती परत का येते हे ध्यानात आले, की तिच्यावर कोणता उपचार केव्हा करावा हेही समजते.

गाठीच्या आत काय असते?

पुष्कळ लोक हिला ‘चरबीची गाठ’ म्हणतात. ते बरोबर नाही. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील पेशी सतत झडत असतात. केसाच्या मुळाचे तोंड बंद झाले, किंवा जखमेतून त्वचेचा सूक्ष्म कण आत रुतला, की त्या पेशी आतल्या आत एक पिशवी तयार करतात आणि पिशवीतच झडत राहतात. साचतो तो केरॅटिन हा पदार्थ. आपले केस आणि नखे याच प्रथिनाची बनलेली असतात. अनेकदा गाठीच्या माथ्यावर बारीक काळा ठिपका दिसतो. ते या पिशवीचे तोंड होय. खरी चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, मऊ असते, बोटाखाली सरकते आणि तिच्यावर असा ठिपका नसतो.

डोक्यावरील केसांत येणाऱ्या अशा गाठी बहुधा ‘पिलर सिस्ट’ या प्रकारच्या असतात. त्या पुष्कळदा आनुवंशिक असल्याने एकाच घरात आई, मुलगी, मावशी अशा अनेकांना आढळतात. मात्र आवाळू संसर्गजन्य नाही आणि तूप-तेल खाल्ल्याने ते होत नाही.

पिळल्याने काय बिघडते?

दाबून आतला पदार्थ काढला, तरी पिशवीचे अस्तर जागेवरच राहते आणि पुन्हा भरू लागते. पोते रिकामे केल्याने पोते नाहीसे होत नाही, तसेच हे. त्याहून वाईट म्हणजे दाबताना पिशवी आतल्या बाजूला फुटते. मग केरॅटिन भोवतालच्या मांसात पसरते आणि शरीर त्याला परका समजून प्रतिकार करते. लाली, सूज आणि ठणका येतो तो अनेकदा यामुळेच. प्रत्येक वेळी त्यात जंतुसंसर्ग असतोच असे नाही. म्हणून स्वतःच्या मनाने प्रतिजैविके घेऊ नयेत. तापवलेली सुई टोचणे, चुना लावणे हे उपाय तर टाळावेतच. असे प्रकार वारंवार झाले, की पिशवी भोवतालच्या मांसाला चिकटते आणि पुढील शस्त्रक्रिया अवघड होते.

उपचार केव्हा, कोणता?

न दुखणारी, न वाढणारी गाठ डॉक्टरांना एकदा दाखवून तशीच ठेवण्यास हरकत नसते. परंतु सदऱ्याच्या कॉलरने घासली जाणारी, गादीवर लोडाला टेकून बसताना दबणारी किंवा वारंवार सुजणारी गाठ काढून टाकणे हिताचे. ती शांत असतानाच काढावी. जागा बधिर करून छोटा छेद घेतात आणि पिशवी अस्तरासह बाहेर काढतात. हे काम बहुधा त्याच दिवशी घरी जाण्याजोगे असते.

गाठ सुजली असेल, तर कोमट शेक आणि डॉक्टरांनी सांगितलेले औषध घ्यावे. काही वेळा ते गाठीत स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. पू झाला असेल, तर छेद देऊन तो काढावा लागतो; पण तेवढ्याने आवाळू गेले असे समजू नये. सूज ओसरल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांनी पिशवी काढली, तरच काम पूर्ण होते. ‘दिवाळीचा हंगाम होऊ द्या, लग्नसराई उरकू द्या’ असे म्हणत ही दुसरी भेट पुष्कळदा राहून जाते आणि ऐन हंगामात गाठ पुन्हा उसळते.

मधुमेह असल्यास किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. ती औषधे परस्पर बंद करू नयेत. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्यांनी व उपवास करणाऱ्यांनी आपला नियम प्रथमच सांगावा, म्हणजे गोळ्यांच्या वेळा त्यानुसार ठरवता येतील.

हे मात्र लांबणीवर टाकू नये

झपाट्याने वाढणारी, दगडासारखी कठीण, जागेवरून न हलणारी किंवा माथ्यावर न भरणारी जखम झालेली गाठ ताबडतोब दाखवावी. आवाळूत कर्करोग क्वचितच आढळतो; तरी काढलेली गाठ तपासणीसाठी पाठवणे योग्य. लहान मुलाच्या नाकावर किंवा दोन भुवयांच्या मधोमध गाठ असेल, तर तिचा संबंध कवटीच्या आतील भागाशी असू शकतो. स्कॅन केल्याशिवाय तिला छेद देऊ नये. फुटलेल्या गाठीसोबत ताप आला किंवा लाली पसरू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आवाळू बहुधा निरुपद्रवी असते. त्याला पिळू नये आणि ते शांत असतानाच काढण्याचा दिवस ठरवावा.