शिकाऱ्याचे लपण

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या पुतण्याचे गेल्या कार्तिकात पत्र आले. शेजारचे गृहस्थ हरणाच्या शिकारीस निघाले असून, आपल्या लपणात नुसते पाहावयास म्हणून त्यांनी यासही बोलाविले होते. जावे की न जावे, असा त्याचा प्रश्न. पत्र ओटीवर वाचले जाताच माजघरातून निषेध उमटला. आम्ही मात्र उत्तर लिहिण्यापूर्वी हे लपण म्हणजे काय, ते समजून घेण्याचे ठरविले.

आपल्याकडील मचाण झाडावर असते. हे लपण जमिनीवर. घडीच्या काड्यांवर ताणलेला, आतून काळा असा तो एक लहानसा तंबू असून त्यास चोहोबाजूंनी झरोके असतात. परंतु तंबू उभारला म्हणजे लपणे साधले, असे नव्हे. हरणास आपल्या रानाची ओळख पक्की असते. काल जेथे मोकळी जागा होती तेथे आज चौकोनी आकृती दिसली, की ते बिचकते. म्हणून जाणते शिकारी हंगामाच्या काही आठवडे आधीच तंबू ठोकून ठेवतात, आणि त्याच रानातील डहाळ्या व गवत कापडावरील बंदांत खोवून छपराची सरळ रेषा मोडतात. पाठीशी दाट झाडी घेतात. मागील झरोका उघडा राहिल्यास आतील माणूस उजेडावर स्पष्ट उमटतो, म्हणून तो बंद ठेवून अंधारात मागे सरून बसतात. पायांखालचा वाळका पाचोळाही झाडून काढतात. एवढे करूनही वारा आपल्याकडून हरणाकडे वाहू लागला, तर सारा खटाटोप व्यर्थ. कारण कापड डोळ्यांस फसवील, नाकास नाही.

हरणाच्या डोळ्यांचे शास्त्र तर मोठे मौजेचे आहे. रंग ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या डोळ्यांत तीन प्रकारच्या असतात, हरणाच्या डोळ्यांत दोनच. त्यास निळा रंग उत्तम दिसतो. नारिंगी आणि हिरवा यांतील भेद मात्र उमगत नाही. तेथील कायद्याने या उणिवेचा मोठा चतुर उपयोग केला आहे. बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्याने डोक्यावर व छातीपाठीवर झगझगीत नारिंगी वस्त्र घातलेच पाहिजे, आणि बंद लपणाजवळही तोच रंग चहूकडून दिसेल असा लावला पाहिजे. हरणापासून लपावे, माणसापासून लपू नये, हे त्यातील मर्म.

हे मर्म आपणांस नवे वाटू नये. शरयूतीरी अंधारात दबा धरून बसलेल्या दशरथाने घडा भरण्याचा आवाज हत्तीचा समजून बाण सोडला, आणि मातापित्यांसाठी पाणी न्यावयास आलेला मुलगा गेला. जरा नावाच्या व्याधाने मृग समजून मारलेला बाण श्रीकृष्णाच्या पायी लागला. दोघांचाही नेम अचूक होता. चूक एवढीच, की समोर कोण आहे हे पाहण्यापूर्वीच हात सुटला.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा ठरला आहे. तरी लपण्याची विद्या लोपलेली नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री आपल्या अभयारण्यांतील पाणवठ्यांवर हौशी मंडळी मचाणांत बसून प्राण्यांची नोंद करतात. तिकडची गोष्ट निराळी. लांडगे नाहीसे झाल्याने वाढलेली हरणे कोवळी रोपे खाऊन जंगल उठू देत नाहीत, म्हणून परवान्याने शिकार चालते. हे सारे आम्ही माजघरात सांगितले. निषेध मावळला नाही, परंतु थोडा मऊ झाला.

मग आम्ही पुतण्यास लिहिले : “जा. नारिंगी अंगरखा विसरू नकोस. बंदुकीस हात लावू नकोस. आणि पाहिलेस ते कळव.”

पौषात उत्तर आले. तीन तास निश्चल बसल्यावर एक हरिणी आली. शेजाऱ्यांनी बंदूक उचलली, आणि क्षणभराने खाली ठेवली. तिच्या मागे झुडपे होती, आणि झुडपांपलीकडे काय आहे ते दिसत नव्हते. एवढ्यासाठी ते रिकाम्या हाती घरी परतले.

हे पत्र आम्ही माजघरात दोनदा वाचून दाखविले.