विंचवाचा डंख आणि संदर्भांची मोजदाद

बीड जिल्ह्यात विंचू काही नवा नाही. बालाघाटाच्या मुरमाड माळावर, शेताच्या दगडी बांधात, गोवऱ्यांच्या ढिगाखाली, कडब्याच्या गंजीत तो असतोच. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे पाच-सहा महिने कोपीत राहतात, जमिनीवरच झोपतात. त्यांच्याही तो परिचयाचा. जुन्या पिढीत विंचू उतरवणारा माणूस जवळपास प्रत्येक गावात असे. काळ्या विंचवाचा डंख बहुधा दुखून थांबतो, त्यामुळे उतरवणाऱ्याला यशही येई. लाल विंचवाचे तसे नाही. तो आकाराने लहान असतो, पण त्याच्या विषाने माणूस दगावू शकतो.

मागच्या उन्हाळ्यात अंबाजोगाईला विज्ञान शिक्षकांच्या एका मेळाव्यात मी या लाल विंचवावरील संशोधनाची हकिकत सांगितली. ती संपल्यावर मागच्या रांगेतले एक ज्येष्ठ गुरुजी उठले आणि म्हणाले, "सर, या डॉक्टरांचा एच-इंडेक्स किती?" सभागृहात थोडे हसू झाले. परंतु गुरुजी थट्टा करत नव्हते. त्यांचा मुलगा महाविद्यालयात प्राध्यापक आहे आणि त्याच्या बढतीच्या अर्जात या आकड्यासाठी एक चौकट आहे. ती रिकामी राहिली की काय होते, हे त्यांनी घरात पाहिले होते. त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर.

प्रथम ती हकिकत थोडक्यात सांगतो. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावल्यावर चांगली धडधाकट माणसे, विशेषतः मुले, काही तासांत धाप लागून, तोंडाला फेस येऊन मरताना त्यांनी पाहिली. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. वांती, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय ही लक्षणे आधी दिसतात आणि त्यानंतर हृदयावर ताण येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. ही पूर्वसूचक लक्षणे सांगणारा त्यांचा शोधनिबंध १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या लंडनच्या प्रतिष्ठित साप्ताहिकात छापून आला.

आता विष काय करते ते पाहू. मज्जापेशींच्या आवरणात सोडियम आणि पोटॅशियम यांच्या आयनांची ये-जा करणारी सूक्ष्म द्वारे असतात. विषातील प्रथिने त्यांच्या उघडझापीत बिघाड करतात. मज्जातंतू सारखे उत्तेजित राहतात आणि ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा शरीरात पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, या अडथळ्याविरुद्ध रक्त ढकलून हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी साचते. यावर तोड म्हणून बावस्करांनी प्राझोसिन ही गोळी वापरली. ती मुळात उच्च रक्तदाबासाठी होती. रक्तवाहिन्यांवरील ज्या ग्राहींवर ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये काम करतात, तेच ग्राही ती अडवते. हे निरीक्षण १९८६ मध्ये, पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच, प्रसिद्ध झाले. पुढे २०११ साली हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडच्या रुग्णालयात केलेली चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. एकूण ७० रुग्ण होते. त्यांपैकी ३५ जणांना प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिविषलस अशी दोन्ही दिली, तर ३५ जणांना केवळ प्राझोसिन. दहा तासांनी पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्या गटातले ८ जण पूर्ण बरे झाले होते. हिंमतरावांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

आता आकड्यांकडे वळू. शोधनिबंधाच्या शेवटी संशोधक आधीच्या ज्या कामांचा आधार घेतो त्यांची यादी देतो. अशा प्रत्येक उल्लेखाला सायटेशन म्हणतात. आपण 'उद्धरण' म्हणू. युजीन गारफिल्ड या अमेरिकन गृहस्थांनी १९५५ साली एक कल्पना मांडली. या सगळ्या याद्या एकत्र करून उलट्या वाचल्या, तर अमुक एका निबंधाचा पुढे कोणी कोणी आधार घेतला हे कळेल. १९६४ पासून त्यांच्या संस्थेची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची निघू लागली. लक्षात घ्या, हे साधन मुळात शोधण्यासाठी होते. जुना निबंध हातात असेल तर त्यावरचे नवे काम सापडावे, एवढाच त्याचा हेतू. माणसे मोजायला ते नंतर वापरले जाऊ लागले.

एच-निर्देशांक तर २००५ चा. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो सुचवला. समजा, एका संशोधकाचे सात निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, १२, ९, ५, ४, १ आणि ० उद्धरणे मिळाली. उतरत्या क्रमाने मोजत जा. चौथ्या निबंधाला चार किंवा अधिक उद्धरणे आहेत, पाचव्याला मात्र पाच नाहीत. म्हणून निर्देशांक ४. आता दुसरा संशोधक घ्या. त्याचे तीनच निबंध, उद्धरणे ६००, ३ आणि २. त्याचा निर्देशांक २. ज्याचे एक काम सहाशे जणांनी हाताशी धरले, तो या मोजपट्टीवर पहिल्याच्या निम्मा ठरतो. (वर्गात हे गणित जरूर द्या. मुले पटकन सोडवतात आणि लगेच "हे बरोबर नाही" असेही म्हणतात.)

मोजणीच्या अडचणी इथे संपत नाहीत. काही अगदी आपल्या घरच्या आहेत. सूचीत आडनाव आणि आद्याक्षरे असतात. पाटील, कुलकर्णी, शिंदे, जाधव यांची तिथे किती गर्दी होत असेल, याची कल्पना शाळेचे हजेरीपत्रक पाहणाऱ्याला लगेच येईल. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या संशोधिकेचे काम दोन नावांत वाटले जाते. यावर उपाय म्हणून २०१२ पासून संशोधकांना 'ऑर्किड' नावाचा सोळा अंकी क्रमांक मिळू लागला. आणि केवळ संशोधकच नाव बदलतो असे नाही, विंचूही बदलतो! आपला लाल विंचू आधी ब्यूथस टॅम्युलस होता, मग मेसोब्यूथस झाला, आता तो हॉटेनटोटा टॅम्युलस आहे. एकाच नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती अर्धेच साहित्य लागते.

शिवाय ज्या विषयात लिहिणारे अधिक, तिथे उद्धरणे अधिक. कर्करोगावर जगभर हजारो प्रयोगशाळा काम करतात. विंचूदंशावर काम करणारे मूठभर. म्हणून या दोन विषयांतल्या संशोधकांचे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. आणि सर्वाधिक उद्धृत निबंध कोणता म्हणाल, तर प्रथिने मोजण्याची एक पद्धत सांगणारा लोरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध. २०१४ सालच्या एका गणनेत त्याची उद्धरणे तीन लाखांवर गेली होती. ती पद्धत उपयुक्त आहे यात शंका नाही. पण विसाव्या शतकातील जीवशास्त्राचा सर्वांत मोठा शोध तो, असे कोणी म्हणणार नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की पटकीचे जंतू एक विष सोडतात आणि जंतू गाळून काढलेल्या द्रवातही ते असते. 'नेचर'मध्ये छापून येऊनही सुरुवातीची काही वर्षे या निबंधाकडे फारसे कोणी पाहिले नाही. डे १९७३ साली निवृत्त झाले. १९७८ मध्ये त्यांना पटकीवरील नोबेल परिसंवादासाठी स्टॉकहोमला बोलावले गेले. १९८६ साली खुद्द गारफिल्ड यांनी डे यांच्या कामाच्या उद्धरणांचा मागोवा घेणारा लेख लिहिला. त्याच्या आदल्याच वर्षी डे वारले होते. नियतकालिकांची प्रत ठरवण्यासाठी जो 'इम्पॅक्ट फॅक्टर' वापरतात, तो आधीच्या दोनच वर्षांच्या निबंधांवर काढतात. त्या खिडकीतून डे दिसलेच नसते.

याच्या उलट तऱ्हाही आहे. १९५२ मध्ये मुंबईच्या भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी इंग्लंडमधील सहकाऱ्यांसह 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तप्रकाराची छोटीशी नोंद दिली. आज प्रत्येक रक्तपेढीला 'बॉम्बे रक्तगट' ठाऊक आहे. काम एवढे रुजले की मूळ निबंधाचा उल्लेख करण्याची गरजच कुणाला वाटत नाही. जे सर्वांचे झाले, त्याचे उद्धरण थांबते.

आता गुरुजींच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. उद्धरण कोण देतो? जो स्वतः शोधनिबंध लिहितो, तोच. बावस्करांच्या कामाचा खरा वापर करणारा मात्र आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी आहे. रात्री दोन वाजता मोटारसायकलवर आणलेल्या मुलाचे हातपाय गार आहेत का हे तो पाहतो, गोळी देतो, रक्तदाब तपासत बसतो. सकाळी मूल चहा मागते. याची नोंद रजिस्टरमध्ये एका ओळीची. त्या ओळीखाली संदर्भसूची नसते. बावस्करांनीच वेळोवेळी लिहिल्याप्रमाणे, पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे तीस टक्के दगावत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. ही घट कोणत्याही उद्धरणसूचीत दिसत नाही, कारण वाचलेली मुले आणि त्यांना वाचवणारे डॉक्टर निबंध लिहीत नाहीत.

मग निबंध लिहायचाच कशाला, असेही कोणी विचारील. मला ते मान्य नाही. १९८२ आणि १९८६ चे ते मजकूर छापले गेले नसते, तर गोळीची गोष्ट महाडच्या घाटाखालीच राहिली असती. छापल्यामुळे इतरांना ती तपासता आली, पाठ्यपुस्तकांत घेता आली. लिहिणे आवश्यकच आहे. माझी तक्रार आहे ती लिहिण्याऐवजी केवळ आकडा मागण्याची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत अध्यापकांच्या प्रकाशनांना गुण लावले, आणि त्या सुमारास पैसे घेऊन महिन्याभरात काहीही छापून देणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. मी स्वतः एका निवड समितीत बसलो असताना पाहिले आहे, की अर्धा तास निबंधांची संख्या जुळवण्यात गेला आणि एकही निबंध कुणी उघडला नाही. मीही उघडला नाही, हे कबूल करतो. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेल्या जाहीरनाम्यात संशोधकांनी हेच सांगितले: नियतकालिकाच्या आकड्यावरून माणूस जोखू नका, त्याचे काम वाचा.

हे सारे मी गुरुजींना पत्राने कळवले आणि सोबत एक उपक्रम सुचवला. जवळच्या आरोग्य केंद्रांत जाऊन एवढेच विचारायचे: विंचू चावलेला रुग्ण आला तर काय देता, आणि हे कुठे शिकलात? त्यांनी आठवीची चार मुले बरोबर घेऊन तीन ठिकाणी विचारणा केली. तिन्ही ठिकाणी प्राझोसिनचे नाव निघाले. दोघांना ते प्रशिक्षणाच्या काळात वरिष्ठ डॉक्टरांनी शिकवले होते. तिसऱ्या डॉक्टरांनी भिंतीवर चिकटवलेला, हाताने लिहिलेला एक कागद दाखवला. त्यावर लक्षणे होती, वजनाप्रमाणे मात्रा होती, पुन्हा कधी द्यायची ते होते. तो कोणी लिहिला, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. ते तिथे येण्याच्या आधीपासून तो तिथे आहे.