कटऑफच्या रेषेवर नशीब किती आणि हुशारी किती?

जून-जुलै आला की पुण्यात बारावी झालेल्या मुलाला भेटणारा प्रत्येक जण आधी पर्सेंटाइल विचारतो आणि मग सीओईपी मिळेल का, हे विचारतो. १८५४ साली सुरू झालेलं हे इंजिनिअरिंग कॉलेज २०२२ पासून विद्यापीठ झालं, तरी पुणेकरांच्या तोंडी ते सीओईपीच राहिलं आहे. तिथे कॉम्प्युटरला खुल्या गटातून जागा हवी असेल, तर अलीकडे ९९.५ पर्सेंटाइलच्याही वर असावं लागतं. ज्याला जागा मिळाली तो हुशार ठरतो आणि ज्याची थोडक्यात हुकली तो 'कुठेतरी कमी पडला' असं घरचेच म्हणतात. समजूत घालायला आलेले पाहुणे दुसरं टोक गाठतात, 'अहो, सगळा नशिबाचा खेळ.' ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि त्यांची किंमत सतरा-अठरा वर्षांची मुलं मोजतात.

'९९.४१ वाला ९९.३५ वाल्यापेक्षा हुशारच'

हा सगळ्यांत खोल रुतलेला गैरसमज. त्याच्या मुळाशी पर्सेंटाइलमधले दशांश आहेत. दशांशानंतर सात आकडे छापलेले पाहिले की मोजमाप फार काटेकोर झालं असं वाटतं. प्रत्यक्षात ही नुसत्या भागाकाराची करामत आहे. परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत होते. तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारी मुलं किती, त्या संख्येला सत्रातल्या एकूण मुलांच्या संख्येने भागायचं आणि शंभराने गुणायचं, की झालं पर्सेंटाइल. राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटी या परीक्षेच्या पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा असतो. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे. म्हणजे एका सत्रात शून्य ते २०० असे फार तर २०१ वेगवेगळे गुण पडू शकतात, मग मुलं हजारो असोत. सात दशांशांमागे खरी पायरी एका गुणाचीच असते.

आता या एका गुणात हुशारी किती हे तपासू. दोन मैत्रिणींची तयारी अगदी सारखी आहे असं धरा. दोघींना १५० पैकी ११० प्रश्न पक्के येतात. उरलेल्या ४० मध्ये २० गणिताचे आणि २० फिजिक्स-केमिस्ट्रीचे आहेत. या परीक्षेत उणे गुण नाहीत, त्यामुळे प्रश्न कोणी कोरा सोडत नाही, दोघीही चारांतला एक पर्याय अंदाजाने निवडतात. अशा ४० प्रश्नांतून सरासरी १५ गुण मिळतात. पण ही झाली सरासरी. प्रत्यक्षात साधारण तीनपैकी दोन वेळा हा आकडा ११ ते १९ च्या दरम्यान पडतो आणि एकदा त्याच्याही बाहेर जातो. दोन्ही मैत्रिणींमध्ये सहा किंवा अधिक गुणांचा फरक पडण्याची शक्यता तीनात एक इतकी मोठी आहे. अभ्यास सारखा, समज सारखी, तरी एकीचे १५८ आणि दुसरीचे १५२. २०२५ मध्ये पीसीएम गटाची परीक्षा चार लाखांहून अधिक मुलांनी दिली, म्हणजे ०.१ पर्सेंटाइलमध्ये चारशेहून जास्त मुलं बसतात. या उंचीवर सहा गुणांनी शेकडो मुलं पुढे-मागे होतात. आणि यात आदल्या रात्रीची झोप, ताप, नुकताच सोडवलेला प्रश्न पेपरात येणं, यातलं काहीच धरलेलं नाही.

म्हणून थोडक्यात आत आलेलं आणि थोडक्यात बाहेर राहिलेलं मूल यांच्यात हुशारीचा फरक आहे, असं त्या आकड्यावरून कोणालाही सांगता येत नाही. कॉलेजला जागा मर्यादित आहेत, रेषा कुठेतरी ओढावी लागते, म्हणून ती तिथे ओढलेली असते.

'माझी शिफ्ट अवघड होती, नॉर्मलायझेशनने घात केला'

हे बहुतेक वेळा खरं नसतं. नॉर्मलायझेशन म्हणजे पर्सेंटाइल सत्रापुरतं काढणं, त्यामुळे पेपर अवघड असला तर तो त्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड असतो. हजारो मुलं कोणतीही निवड न करता वेगवेगळ्या सत्रांत वाटली गेली, की प्रत्येक सत्रातली मुलं सरासरीने सारखीच निघतात. पेपरच्या काठिण्यातला फरक ही पद्धत बऱ्यापैकी भरून काढते.

तिला भरून काढता येत नाहीत ते अपघात. २७ एप्रिल २०२५ च्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांत चुका निघाल्या आणि त्या सत्रातल्या २७ हजारांहून अधिक मुलांसाठी ५ मे रोजी फेरपरीक्षा ठेवावी लागली. त्यांतल्या कोणाला जास्तीचा आठवडा कामी आला, तर कोणाचा चांगला गेलेला पेपर पुसला गेला. त्याआधी १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, तेव्हा परीक्षा हुकलेल्यांना पुन्हा संधी द्यावी लागली होती. यात मुलांचं कर्तृत्व नाही आणि कसूरही नाही. पीसीएम आणि पीसीबीची सीईटी २०२६ पासून वर्षातून दोनदा घेण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला, तो मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. एका वाईट दिवसाची शिक्षा वर्षभर भोगावी लागू नये यासाठी याहून साधा उपाय नाही.

'मग अभ्यास करून उपयोग काय, सगळं नशीबच'

नाही! वरचंच गणित उलट बाजूने करा. एखाद्याला १५० पैकी ६०च प्रश्न येत असतील, त्यांत गणिताचे २० आणि बाकीचे ४०, तर त्याचे पक्के गुण ८०. उरलेले ९० प्रश्न अंदाजाने सोडवून सरासरी आणखी ३० मिळतील, म्हणजे ११०. नशीब कितीही उघडलं तरी १३० गाठणं हजारांत एकालाही जमत नाही, १५५ तर स्वप्नातही नाही. रेषेच्या जवळपास कोण पोचणार हे मेहनत, समज आणि सराव ठरवतात. जवळ पोचलेल्यांपैकी आत कोण जाणार, यात मात्र नशिबाचा वाटा वाढत जातो. स्पर्धा जितकी मोठी, तितका तो अधिक. कॉर्नेल विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी २०१६ मधल्या पुस्तकात संगणकावर स्पर्धा घडवून हेच दाखवलं. निकालात नशिबाचा वाटा अगदी थोडका ठेवला तरी एक लाख स्पर्धकांत पहिला येणारा बहुतेक वेळा सर्वांत कुशल नसतो, कारण त्याच्याइतकेच तयारीचे खूप जण असतात आणि त्यांतला नशीबवान पुढे निघतो.

हुशारी आणि नशीब एकमेकांच्या विरोधात उभी आहेत, ही मांडणीच चुकते. सीओईपीच्या वर्गात बसलेल्या मुलाने दोन्ही मिळवलेली असतात.

'निदान वरचे नंबर तरी शुद्ध गुणवत्तेचे'

२०२० च्या नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत ओडिशाचा एक मुलगा आणि दिल्लीची एक मुलगी, दोघांनाही ७२० पैकी ७२० मिळाले. पहिला क्रमांक मुलाला गेला, कारण तो वयाने मोठा होता. त्या वेळी नियमच तसा होता. २०२४ मध्ये फिजिक्सच्या एका प्रश्नाच्या दोन उत्तरांवरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचं मत घेतलं गेलं आणि एकच उत्तर बरोबर ठरलं. पैकीच्या पैकी गुण असलेल्या ६१ मुलांपैकी ४४ जणांचे पाच गुण गेले, उरले १७. बीजे मेडिकलमध्ये एमबीबीएसच्या २५० जागा आहेत, एएफएमसीत दीडशेच्या आसपास. तिथे पाच गुणांची किंमत काय, हे नीट दिलेल्या कोणत्याही घराला विचारा.

नेदरलँड्समध्ये वैद्यकीय जागांसाठी सत्तरच्या दशकापासून उघडपणे चिठ्ठ्या टाकत. जास्त गुण असलेल्याची शक्यता जास्त, पण खात्री नाही. १९९६ मध्ये उत्तम गुणांच्या एका मुलीचा नंबर तिसऱ्यांदाही लागला नाही तेव्हा गदारोळ झाला आणि अतिशय चांगले गुण असणाऱ्यांना थेट प्रवेश देण्याचा नियम आला. २०१७ मध्ये चिठ्ठ्या बंद झाल्या, २०२३ पासून पुन्हा मुभा मिळाली. आपण चिठ्ठ्या टाकाव्यात असं मी म्हणत नाही. पण नशीब तिथे मान्य केलं जातं आणि आपण तेच दशांशांत लपवतो, हे मला खटकतं.

'पेपर सगळ्यांना सारखाच'

पेपर सारखा, पण तिथवरची वाट सारखी नसते. पुण्यातल्या मुलाला अप्पा बळवंत चौकात हवं ते पुस्तक मिळतं आणि चार क्लास पाहून पाचवा निवडता येतो. हे नशीब परीक्षेच्या फार आधी वाटलं गेलेलं असतं. २०२० पर्यंत राज्यातल्या वैद्यकीय प्रवेशाला ७०:३० चं सूत्र होतं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे विभाग करून ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांसाठी असत. मराठवाड्यात कॉलेजं कमी, म्हणून तेवढेच गुण असूनही तिथल्या मुलांची संधी हुकायची. त्या सप्टेंबरमध्ये सूत्र रद्द झालं. याच मराठवाड्यातल्या लातूर विभागाने २०२५ च्या दहावीत शंभर टक्के मिळवणाऱ्या राज्यातल्या २११ पैकी ११३ मुलं दिली. बुद्धी कुठेही जन्मते, जागा मात्र सगळीकडे सारख्या वाटलेल्या नसतात.

आरक्षणाबद्दलही थोडं बोलायला हवं. थोडक्यात हुकलेल्या शंभर घरांपैकी बहुतेकांना वाटतं की आरक्षण नसतं तर आपल्याच मुलाला जागा मिळाली असती. खुल्या जागा दहाने वाढल्या तर त्या शंभरातल्या दहांनाच मिळतील, नव्वद जण तरीही बाहेरच राहतील. हा राग नव्वद घरांत चुकीच्या माणसांवर निघतो.

'इथे हुकलं म्हणजे आयुष्य हुकलं'

अमेरिकेत स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांनी २००२ मध्ये एक तुलना केली. नामांकित कॉलेजांत गेलेली मुलं एका बाजूला आणि तशाच कॉलेजांना अर्ज करून, तशीच दाद मिळूनही दुसरीकडे शिकलेली मुलं दुसऱ्या बाजूला. पुढच्या कमाईत सरासरीने फारसा फरक आढळला नाही. गरीब घरांतल्या मुलांना मात्र नामांकित कॉलेजचा खरा फायदा झाला. बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या नामांकित सरकारी शाळांत रेषेच्या जरा वर आणि जरा खाली राहिलेल्या मुलांच्या पुढच्या परीक्षांतही फारसं अंतर दिसलं नाही. डॉक्टरकीचं वेगळं आहे, कारण जागा नाही तर ती वाटच बंद. डच चिठ्ठ्यांवरच्या अभ्यासात नंबर लागलेल्यांची कमाई न लागलेल्यांपेक्षा निदान पाचव्या हिश्शाने जास्त निघाली. इंजिनिअरिंगमध्ये वाटा पुष्कळ आहेत. पुण्यातच पीआयसीटी, कमिन्स, व्हीआयटी आहेत, आणि डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला सीओईपीत येणारी मुलंही दर वर्षी असतात.

आणि आता जे खरोखर तुमच्या हातात आहे ते. 'मोठं कॉलेज वर टाकलं तर खालचंही जातं' या भीतीने बरेच पालक ऑप्शन फॉर्म भीतभीत भरतात. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये गुणवत्ता यादीच्या क्रमाने प्रत्येकाला त्याच्या पसंतीक्रमातली शिल्लक असलेली सर्वांत वरची जागा मिळते, वर अशक्य कॉलेज टाकल्याने खालची पसंती हुकत नाही. फक्त पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती आपोआप पक्की होते, आणि पुढच्या फेऱ्यांत वरच्या काही पसंतींपैकी कोणतीही मिळाली तरी तसंच होतं, म्हणून वरच्या क्रमांकांवर खरोखर हवं तेच लिहा. मूल थोडक्यात हुकलं असेल तर 'कुठे कमी पडलास' हा प्रश्न त्याला विचारू नका. त्याच्याशेजारी बसा आणि पुढच्या फेरीचा फॉर्म दोघांनी मिळून भरा.